तेहरान, ९ ऑगस्ट १९१९: सही घेतली, पण कोणाची?

८ ऑगस्ट १९१९ रोजी रावळपिंडीत इंग्रजांनी अफगाणिस्तानशी तह केला आणि तिसरं अफगाण युद्ध संपलं. तहासोबतच्या पत्रात त्यांनी लिहून दिलं की यापुढे अफगाणिस्तान अंतर्गत आणि परराष्ट्र, दोन्ही कारभारांत स्वतंत्र आहे. गंडमकच्या तहापासून चाळीस वर्षं काबूलच्या परराष्ट्र व्यवहारावर इंग्रजांचा हात होता, तो त्या दिवशी निघाला. दुसऱ्याच दिवशी, ९ ऑगस्टला, शेजारच्या इराणच्या राजधानीत ब्रिटिश वकिलातीचे प्रमुख सर पर्सी कॉक्स आणि इराणचा पंतप्रधान वुसूक-उद-दौला यांनी एका करारावर सह्या केल्या. तो अमलात आला असता तर इराणचं सैन्य आणि खजिना इंग्रज अधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली गेला असता. एका घरातून बोजाबिस्तरा आवरायचा आणि त्याच आठवड्यात भिंतीला लागून असलेल्या घरात सामान टाकायचं, असा हा प्रकार. लंडनमध्ये कोणाला त्यात विसंगती दिसली असेल तर ती लॉर्ड कर्झनला नक्कीच दिसली नाही.

अठरा महिन्यांत करार मेला. कोणत्याही संसदेने तो कधी मंजूर केला नाही आणि कोणत्याही युद्धात तो हरला नाही. महायुद्ध जिंकलेलं साम्राज्य, समोर दिवाळखोर आणि उपाशी देश, हातात सहीशिक्क्याचा कागद, आणि तरीही पदरात काही पडलं नाही. हे नेमकं कसं झालं, तेवढ्यासाठी हे प्रकरण उलगडून पाहायचं.

तटस्थ देशाचं युद्ध

इराणने १९१४ मध्येच तटस्थता जाहीर केली होती, पण ती जुमानली कोणी नाही. वायव्येत रशियन आणि तुर्की फौजा एकमेकांशी लढल्या. दक्षिणेत वासमुस नावाचा जर्मन हस्तक टोळ्यांना इंग्रजांविरुद्ध उठवत फिरत होता, आणि त्याच्या बंदोबस्तासाठी १९१६ मध्ये इंग्रजांनी सर पर्सी साइक्सच्या हाताखाली ‘साउथ पर्शिया रायफल्स’ ही स्वतःची फौज इराणच्याच भूमीवर उभी केली. १९१७-१८ मध्ये दुष्काळ पडला, त्याच्या पाठोपाठ इन्फ्लुएन्झाची साथ आली. किती माणसं गेली यावर अभ्यासकांत आजही वाद आहे. आकडा लाखांतला होता यावर नाही.

त्याआधीची गोष्ट माहीत असायला हवी. १९०७ मध्ये रशिया आणि ब्रिटन यांनी आपसांत इराणचे तीन पट्टे पाडले: उत्तर रशियाच्या प्रभावाखाली, आग्नेय भाग ब्रिटनच्या, मधला मोकळा. तेहरानला हे कळवलं ते वाटणी झाल्यावर. १९१५ मध्ये आणखी एक गुप्त समझोता झाला आणि मधला पट्टाही ब्रिटनच्या वाट्याला आला. मग १९१७ मध्ये रशियात क्रांती झाली, झारची फौज विस्कटली आणि बोल्शेविकांनी जुन्या हक्कांवर पाणी सोडलं. रस्सीखेचीत समोरच्याने अचानक दोर सोडला की क्षणभर आपण जिंकलो असंच वाटतं. १९१९ च्या उन्हाळ्यात कर्झन त्या क्षणात होता.

कर्झनचं इराण

मराठी वाचकाला कर्झन माहीत आहे तो वंगभंगामुळे. पण त्याचं जुनं वेड इराण होतं. १८८९ मध्ये तरुण खासदार असताना तो वर्तमानपत्राचा बातमीदार म्हणून इराणभर घोड्यावरून फिरला आणि १८९२ मध्ये त्या देशावर दोन जाडजूड खंड लिहून मोकळा झाला. पुढे व्हाइसरॉय असताना, १९०३ च्या हिवाळ्यात, लढाऊ जहाजांचा ताफा घेऊन तो इराणच्या आखाताच्या दौऱ्यावर गेला. बुशहर बंदराबाहेर नांगर पडला. किनाऱ्यावर फार्सचा इराणी सुभेदार स्वागतासाठी येऊन थांबलेला. पण पहिली भेट कोणी कोणाकडे द्यायची यावरून दोन्ही बाजूंचं अडलं. निरोप गेले, निरोप आले. कर्झन काही बोटीवरून उतरला नाही. बुशहरच्या मातीला पाय न लावताच ताफा पुढे निघून गेला. हा प्रसंग मला पुढच्या सगळ्या कागदपत्रांपेक्षा जास्त सांगून जातो. इराणवर हजारांहून अधिक पानं लिहिणाऱ्या माणसाला, त्या देशालाही मान असतो आणि तो सांभाळावा लागतो, हे बंदरात उभं राहूनही उमगलं नव्हतं.

बुशहर आपल्याकडच्या इतिहासातही आहे. तिथली ब्रिटिश रेसिडेन्सी १८७३ पर्यंत मुंबई सरकारच्या अखत्यारीत होती. १८५६-५७ च्या इंग्रज-इराण युद्धात मुंबई इलाख्याची पलटणं तिथेच उतरली आणि जवळच खुशाबला लढली. ‘पूना हॉर्स’ या रिसाल्याच्या निशाणावर जो चांदीचा पंजा आहे तो त्या लढाईत इराण्यांकडून घेतलेला.

१९१९ मध्ये परराष्ट्रमंत्री बाल्फर पॅरिसच्या शांतता परिषदेत गुंतले होते आणि लंडनमध्ये खातं कर्झन चालवत होता. सहीच्याच दिवशी त्याने सहकारी मंत्र्यांसाठी टिपण लिहिलं. त्यात त्याने स्वतःच प्रश्न टाकला: इराणला तिच्या नशिबावर सोडून देखण्या पडझडीत कुजू का द्यायचं नाही? आणि उत्तरही दिलं. इराण हिंदुस्थानच्या वाटेवर आहे. मेसोपोटेमिया आता आपल्या ताब्यात येणार, तेव्हा एका बाजूला बलुचिस्तान आणि दुसऱ्या बाजूला बगदाद यांच्यामध्ये अंदाधुंदीचा अड्डा चालणार नाही. आणि नैऋत्य कोपऱ्यात तेल आहे, ज्यावर आपलं आरमार चालतं. तेलाचा उल्लेख शेवटी येतो. मस्जिद-ए-सुलेमानला १९०८ मध्ये तेल लागलं होतं आणि १९१४ मध्ये ब्रिटिश सरकारने त्या कंपनीत निम्म्याहून अधिक भाग विकत घेतले होते. तरी कर्झनच्या डोक्यात आधी नकाशा होता, तेल नंतर. आजच्या चष्म्यातून पाहणारे हा क्रम उलटा लावतात.

सहा कलमं

करार छोटा होता. पहिल्या कलमात ब्रिटनने इराणचं स्वातंत्र्य आणि अखंडता यांचा आदर करण्याचं जुनं वचन पुन्हा दिलं. दुसऱ्यात इराणी खात्यांसाठी ब्रिटिश सल्लागार, ‘पुरेशा अधिकारांसह’, पगार इराणचा. तिसऱ्यात एकसंध सैन्य उभारण्यासाठी ब्रिटिश अधिकारी आणि शस्त्रसामग्री, खर्च इराणचा. चौथ्यात या सगळ्यासाठी कर्ज, तारण जकातीचं उत्पन्न. पाचव्यात रेल्वे आणि रस्ते, सहाव्यात जकातीच्या दरांची फेरतपासणी. कर्जाचा वेगळा करार झाला: २० लाख पौंड, व्याज ७ टक्के, मुदत २० वर्षं.

आपल्याला हे वाचताना वसई आठवतेच. ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावाने तैनाती फौज पदरात घेतली आणि तिच्या खर्चापोटी २६ लाखांचा मुलूख तोडून दिला. फौज त्यांची, पैसा आपला. फरक आहे आणि तो लपवायचं कारण नाही: १९१९ च्या करारात मुलूख द्यायचा नव्हता, आणि परराष्ट्र व्यवहार इंग्रजांना विचारून करायचा अशी अटही नव्हती. हे संरक्षित राज्य नव्हे, असं कर्झन जाहीरपणे सांगत राहिला आणि बहुधा त्याचा त्यावर विश्वासही होता. पण ज्याच्या हातात सैन्याची घडी आणि तिजोरीची किल्ली आहे, त्याने परराष्ट्र धोरणाचं वेगळं कलम कशाला घालावं?

हे इराणात सर्वांत नेमक्या शब्दांत मांडलं ते सय्यद हसन मुदर्रिस या धर्मपंडिताने. पुढे मजलिसमध्ये, म्हणजे इराणी संसदेत, त्याने केलेला युक्तिवाद प्रसिद्ध आहे. आशय असा की, मला राजकारण कळत नाही, पण मला खटकलं ते पहिलं कलम. आम्ही तुमचं स्वातंत्र्य मान्य करतो, असं हे म्हणतात. म्हणजे उद्या कोणी येऊन मला सांगावं की सय्यदसाहेब, तुमचं सय्यद असणं, म्हणजे पैगंबरांच्या वंशातलं असणं, आम्हाला मान्य आहे! सगळे टीकाकार दुसऱ्या-तिसऱ्या कलमावर तुटून पडले असताना या माणसाने सर्वांत निरुपद्रवी वाटणाऱ्या कलमात बोट घातलं.

चार लाख तोमान

वाटाघाटी झाल्या त्या तिघांशी. पंतप्रधान वुसूक, राजघराण्यातला फिरोज मिर्झा नुसरत-उद-दौला आणि अर्थखातं पाहणारा सारेम-उद-दौला. वुसूकचं सरकार १९१८ च्या ऑगस्टमध्ये इंग्रजांच्या पाठिंब्यानेच आलं होतं. तरुण अहमद शाहने त्याला पदावर ठेवावं म्हणून शाहला इंग्रजांकडून दरमहा १५,००० तोमान (तोमान हे इराणी चलन) पोचत होते. म्हणजे करार करण्यापूर्वी करार करणारा माणूसही नेमून झाला होता.

याच महिन्यांत इराणचं अधिकृत शिष्टमंडळ पॅरिसमध्ये होतं. प्रमुख खुद्द परराष्ट्रमंत्री, मुशावर-उल-ममालिक. मागण्या भल्याथोरल्या होत्या: युद्धाची नुकसानभरपाई, १९०७ ची वाटणी रद्द, उत्तरेकडे आणि पश्चिमेकडे गमावलेला मुलूख परत. परिषदेने त्यांना दारातच ठेवलं. इराण युद्धात नव्हता, सबब त्याचं म्हणणं ऐकण्याचं कारण नाही. ज्या देशाच्या अंगणात चार सैन्यं लढली त्याला हे सांगणं म्हणजे कमालच. परराष्ट्रमंत्री पॅरिसमध्ये दरवाजे ठोठावत असताना तेहरानमध्ये त्याच्या देशाचा करार त्याला वगळून शिजत होता, आणि सही होताच त्याची खुर्ची फिरोज मिर्झाला मिळाली.

आता पैशाचं. तिघांनी आधी मागितले ५ लाख तोमान. कॉक्सने घासाघीस करून ४ लाखांवर आणले, म्हणजे सुमारे १ लाख ३१ हजार पौंड. वुसूकला २ लाख, बाकी दोघांना एकेक लाख. शिवाय वेळ आली तर ब्रिटिश राज्यात आसरा मिळेल अशी लेखी हमी. कर्झनला हा व्यवहार किळसवाणा वाटला, तरी त्याने संमती दिली. आणि मग कारकुनी अक्कल अशी चालली की ही रक्कम २० लाखांच्या कर्जाचा पहिला हप्ता म्हणून मांडायची. थोडं थांबून पाहा याचा अर्थ काय होतो ते. इराणच्या मंत्र्यांना दिलेली लाच इराणच्या खजिन्याने व्याजासह फेडायची! वहीत ती नोंद पडली त्या दिवशीच ती कधी ना कधी फुटणार हेही ठरलं, कारण पुढच्या कोणत्याही अर्थमंत्र्याने पहिला हप्ता कुठे गेला म्हणून विचारलं असतंच. तसं झालंही. पुढे रझा शाहच्या काळात ही रक्कम तिघांकडून वसूल करण्यासाठी सरकार मागे लागलं.

वुसूक निव्वळ विकला गेला, असं मात्र मला वाटत नाही. तिजोरी रिकामी, सैन्य म्हणावं तर रशियन अधिकाऱ्यांच्या हाताखालची कोसॅक तुकडी, रस्त्यांवर लुटारू, उत्तरेला बोल्शेविक. अशा वेळी उरलेल्या एकाच महासत्तेच्या आधाराने राज्य सावरावं, हा हिशेब मूर्खपणाचा नव्हता. त्याने पैसे घेतले नसते तर इतिहासाने त्याला चुकलेला मुत्सद्दी म्हटलं असतं. इंग्रजांच्या बाजूनेही पाहा: ज्या एका माणसाच्या सहीवर सगळी इमारत उभी करायची, त्याचीच पत त्यांनी चार लाखांत बुडवली. माझ्या मते प्रकरणाची खरी चूक इथे आहे, कलमांत नाही.

मजलिस नसलेला देश

१९०६ च्या इराणी राज्यघटनेनुसार परकी सत्तेशी केलेला करार मजलिसने मंजूर करायला हवा. पण मजलिस १९१५ पासून भरलीच नव्हती. कर्झनला ही किरकोळ बाब वाटली. निवडणुका वुसूकच्या हातात आहेत, मजलिस येईल तेव्हा येईल. तोवर अंमल सुरू करून टाकला. लंडनच्या अर्थखात्यातला सिडनी आर्मिटेज-स्मिथ आर्थिक सल्लागार म्हणून आला, जनरल डिक्सनच्या नेतृत्वाखाली लष्करी आयोग बसला, जकातीचे नवे दरही ठरले. (या आर्मिटेज-स्मिथने १९२० च्या अखेरीस इराणच्या बाजूने तेल कंपनीशी हिशेब करून जुन्या थकबाकीपोटी १० लाख पौंड मिळवून दिले. तो समझोताही पुढे वादात सापडला, ती गोष्ट वेगळी.)

तेहरानमध्ये संताप उसळला. वुसूकने विरोधकांतल्या काही बड्या असामींना काशानला हद्दपार केलं, मिर्झादे इश्कीसारख्या कवीला तुरुंगात टाकलं. फ्रान्स चिडला. अमेरिकन वकिलातीने पत्रक काढून सांगितलं की पॅरिसमध्ये इराणचं ऐकलं जावं म्हणून आम्ही प्रयत्न केला होता, आणि या करारात आमचा हात नाही. मॉस्कोहून सोविएत परराष्ट्र खात्याचा प्रमुख चिचेरिन याने इराणी कामकरी-शेतकऱ्यांना उद्देशून जाहीरनामा काढला. कर्झनच्या स्वतःच्या घरातही सूर बरोबर नव्हता. हिंदुस्थानमंत्री माँटेग्यू आणि दिल्लीचं सरकार यांना इराणात नवा खर्च आणि नवी जबाबदारी नको होती. खिलाफतीच्या प्रश्नावरून इथलं मुस्लिम जनमत आधीच तापलेलं होतं. युद्धखात्यात बसलेले चर्चिल फौजा परत आणायच्या मागे होते. विजयी साम्राज्याकडे सगळं होतं, फक्त शिपाई आणि पैसा नव्हता.

अंझलीची सकाळ

१८ मे १९२०. कॅस्पियन समुद्रावरचं अंझली बंदर. इथे इंग्रजांची तुकडी होती, आणि बाकूहून पळून आलेली रशियन ‘गोऱ्यां’ची, म्हणजे बोल्शेविकांच्या विरोधकांची, जहाजं इराणच्या आश्रयाला उभी होती. ती परत न्यायला रास्कोल्निकोव्ह हा बोल्शेविक दर्यासारंग आरमार घेऊन आला. आधी तोफांचे गोळे पडले, मग किनाऱ्यावर लाल सैनिक उतरले आणि रश्तकडे जाणारा रस्ता त्यांनी अडवला. इंग्रज सेनापती चँपेन याच्यापुढे पर्याय उरला नाही. बोलणी झाली, जहाजं आणि सामान मागे टाकून इंग्रज तुकडीने बंदर सोडलं.

लढाई म्हणावी असं काही घडलंच नाही. पण तेहरानच्या बाजारात त्याचा अर्थ लगेच पोचला. ज्यांच्या संरक्षणासाठी आपण सैन्य आणि तिजोरी गहाण टाकत आहोत ते स्वतःचं ठाणं राखू शकत नाहीत! तैनाती फौजेचा इथे वसईशी खरा फरक पडतो. मे १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीच्या फौजेने बाजीरावाला पुण्याच्या गादीवर खरोखर आणून बसवलं होतं. तह अपमानाचा होता, पण त्याच्यामागे पलटणं होती. कर्झनच्या कागदामागे पलटणं नव्हती.

अंझलीनंतर महिन्याभरात गिलान प्रांतात सोविएत प्रजासत्ताक जाहीर झालं आणि जूनमध्ये वुसूक पडला. त्याच्या जागी आलेल्या मुशीर-उद-दौलाने करार नाकारला नाही. मजलिस भरेपर्यंत तो स्थगित आहे, एवढंच म्हटलं. सभ्य, कायदेशीर आणि जीवघेणं उत्तर. कॉक्स जाऊन नॉर्मन हा ब्रिटिश वकिलातीचा नवा प्रमुख आला होता. निदान मजलिस बोलावून शिक्का मारून घ्या, म्हणून कर्झनच्या तारा त्याच्यावर आदळत राहिल्या. निवडून आलेले सभासद मात्र राजधानीकडे फिरकायला तयार नव्हते. कराराच्या बाजूने हात वर करणारा प्रत्येक जण आता पैसे खाल्लेला ठरणार होता.

उरलेलं थोडक्यात. उत्तर इराणातल्या ब्रिटिश फौजेची सूत्रं ऑक्टोबरमध्ये जनरल आयर्नसाइडकडे आली. फौज वसंतात जाणार हे ठरलेलं होतं. मागे काहीतरी व्यवस्था हवी म्हणून त्याने कोसॅक तुकडीतून रशियन अधिकारी काढायला लावले आणि रझा खान (पुढचा रझा शाह) नावाच्या उंचपुऱ्या इराणी अधिकाऱ्याला पुढे केलं. २१ फेब्रुवारी १९२१ रोजी रझा खानाने तेहरान ताब्यात घेतलं आणि सय्यद झिया हा पत्रकार पंतप्रधान झाला. हा झिया इंग्रजांचा मित्र म्हणून ओळखला जाई. त्याच्या सरकारने केलेल्या पहिल्या कामांतलं एक म्हणजे १९१९ चा करार रद्द करणं. त्याच आठवड्यात, २६ फेब्रुवारीला, मॉस्कोत सोविएत-इराण तहावर सह्या झाल्या. कर्झनला हा कृतघ्नपणा वाटला, आणि आपलं काय चुकलं हे त्याने अखेरपर्यंत विचारलं नाही.

वुसूकला एक धाकटा भाऊ होता, अहमद कवाम. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, सोविएत फौजा उत्तर इराणातून हलायला तयार नव्हत्या तेव्हा पंतप्रधान तो होता. मॉस्कोला उत्तरेतल्या तेलाची सवलत हवी होती. कवामने ती कबूल केली आणि करारात एक अट घातली: मजलिसची मंजुरी लागेल. सोविएत फौजा निघून गेल्या. मग ऑक्टोबर १९४७ मध्ये करार मजलिसपुढे आला आणि १०२ विरुद्ध २ मतांनी फेटाळला गेला.